बंद काचेआड ऐकू जाईल असा हॉर्न

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात पोचभाऊ नावाचे एक गृहस्थ आहेत. हे नाव अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाही. कारखान्याची बिलं, खोक्यांचे नमुने, बँकेचे कागद असं सगळं मोटरसायकलवरून गावभर पोचवणं हे त्यांचं काम, आणि ज्याच्या हातात कागद दिला त्याची सही, म्हणजे पोच, घेतल्याशिवाय ते परत येत नाहीत. एकदा एका गिऱ्हाइकाच्या कचेरीत सही करायला कोणीच नव्हतं. पोचभाऊ संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिले आणि शेवटी तिथल्या मालकाच्या सासऱ्यांची सही घेऊन आले. "सासरे असले म्हणून काय झालं, घरचंच माणूस," असं त्यांचं म्हणणं. त्या सासऱ्यांचा धंद्याशी काडीचाही संबंध नव्हता, पण बिलाचे पैसे वेळेवर आले हे खरं.

मी हिशेब खात्यात. त्यांच्या पोचा माझ्याकडे जमा होतात, त्यामुळे आमची रोजची गाठभेट. माणूस हसरा, अंगाने काटक, बोलायला मोकळा. मोटरसायकल जुनी, पण तिच्या टाकीवर बोटाचा ठसा सापडायचा नाही. मागची सीट त्यांनी मुद्दाम लांब आणि मऊ करून घेतलेली होती. त्या सीटवर रविवारी वहिनी बसायच्या, म्हणजे त्यांची बायको. वहिनी घरी शिवणकाम करतात. शाळांचे गणवेश, दवाखान्यातल्या लोकांचे कोट असं त्यांच्याकडे बारा महिने काम असतं. त्यांची थोरली बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या हमरस्त्यापलीकडे राहते. तिला आताशा अंथरुणातून फार उठवत नाही. दर रविवारी नवराबायको मोटरसायकलवरून तिच्याकडे जायची, हा अनेक वर्षांचा नेम.

हा नेम मोडला आहे, हे मला कळलं ते एका रविवारी बसमध्ये.

मी एका नातलगांकडे निघालो होतो. बस अर्धी रिकामी. कंडक्टर तिकिटं देत मागपर्यंत गेला आणि मागच्या काचेतून बाहेर बघत एकदम खालच्या आवाजात बोलू लागला. शेवटच्या बाकावर खिडकीशी एक बाई बसल्या होत्या.

"बाई, तो मोटरसायकलवाला मघापासून आपल्या मागे मागे येतोय. पुढे जायला जागा दिली तरी जात नाही. तुमच्याकडेच बघतोय सारखा."

बाईंनी मान वळवली नाही. "माहीत आहे."

"गाडी थांबवू का? बघतो त्याच्याकडे."

"नवरा आहे माझा."

कंडक्टर जरा खाली वाकला. मग हळूच म्हणाला, "भांडण झालंय का?"

"नाही."

"मग त्यांच्या गाडीवर का बसत नाही?"

"तुम्ही तिकीट देता का?"

आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी वळून पाहिलं, तर वहिनी. आणि काचेपलीकडे बसचा धूर खात, बसच्याच वेगाने, प्रत्येक थांब्याला थांबत येणारे पोचभाऊ. शेवटच्या थांब्यावर वहिनी उतरल्या. पोचभाऊंनी गाडी बंद केली, त्यांच्या हातातली पिशवी घेऊन हँडलला अडकवली, आणि दोघं गल्लीत चालत निघाली. मोटरसायकल ते हाताने ढकलत होते. दोघांच्या मध्ये ती मोटरसायकल, एखाद्या घरात वाढलेल्या मोठ्या जनावरासारखी.

दुसऱ्या दिवशी पोचा जमा करायला आले तेव्हा मी काही विचारणार नव्हतो. कुणाच्या घरात डोकवायची मला सवय नाही. पण तेच म्हणाले, "काल बसमध्ये तुम्ही होतात ना साहेब?"

"होतो."

"मग पाहिलंतच." ते समोरच्या खुर्चीवर बसले. एरवी कधी बसत नाहीत.

गेल्या वर्षी हमरस्त्यावर एका वळणावर मोठा टँकर त्यांच्या अंगावर सरकत आला होता. ड्रायव्हरला ते दिसलेच नव्हते. "हॉर्नवरचा अंगठा मी उचललाच नाही, साहेब. सगळं वळणभर वाजवत होतो. तो आपला सरकतोच आहे, सरकतोच आहे." शेवटी त्यांनी गाडी रस्त्याखाली घातली आणि दोघं खडीच्या ढिगावर पडली. पोचभाऊंना खरचटलं. वहिनींचं उजवं मनगट मोडलं. शिलाईचं मशीन कित्येक महिने चादरीखाली झाकून ठेवलेलं होतं. टँकर पुढे निघून गेला. काही झालं हे त्याच्या गावीही नव्हतं.

"आता हात बरा आहे. मशीन सुरू आहे. पण गाडीवर बसत नाही."

"घाबरल्या असतील."

"घाबरण्यातली नाही ती. आणि मला एका शब्दाने दोष देत नाही, हीच तर पंचाईत आहे. शिव्या घातल्या असत्या तर चार दिवसांत संपलं असतं. ती म्हणते, तुम्ही वाजवत होतात, मी ऐकत होते. रस्त्याकडेला झोपलेल्या कुत्र्याने ऐकला, उठून पळालं. ज्याने ऐकायचा त्याने तेवढा ऐकला नाही. त्याला ऐकू जाईल असा हॉर्न लावा, मग बसते."

"मग बसही तिथेच जाते, तर हरकत काय?" मी म्हणालो. हिशेबाच्या माणसाला असंच सुचतं. पोचणं महत्त्वाचं, कशाने पोचलो ते नाही.

ते बराच वेळ पोचांचे कागद सारखे करत राहिले.

"आमचं घर दोन खोल्यांचं. मुलगा, सून, नातू. दिवसभर मशीनची घरघर. घरात तोंडासमोर बसलं की ती दूध संपलं, दोरा संपला असलंच बोलते. पण गाडीवर मागे बसली की बोलायची, साहेब. म्हणजे खरं बोलायची. तोंड दिसत नाही ना एकमेकांचं! लहानपणी विहिरीत पडली होती ते मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर गाडीवर कळलं. सुनेचं काय आवडतं, काय नाही, तेही गाडीवरच. मी नुसता हूं हूं करायचो. अर्धं वाऱ्यात जायचं." ते थांबले. "आता वारा नुसताच येतो."

त्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर हॉर्नच्या दुकानात गेलो. मला बोलावलं होतं असं नाही, पण मीच म्हणालो, येतो.

दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. भिंतीवरच्या फळीवर तऱ्हेतऱ्हेचे हॉर्न खिळ्यांनी ठोकलेले, खाली एक बॅटरी, आणि दुकानदाराच्या हातात वायरीची दोन टोकं. वायर टेकवली की हॉर्न वाजणार. एक बदकासारखा ओरडायचा, एक तान्ह्या बाळासारखा रडायचा.

"हा बायका फार नेतात का हो?" पोचभाऊंनी बाळाकडे बोट दाखवलं.

"नवरे नेतात. घरी रडणं कमी पडतं त्यांना," दुकानदार म्हणाला. "तुम्हाला कशासाठी हवा?"

"ट्रकवाल्याला ऐकू जायला हवा."

"मग हा घ्या. मुडदा उठून बसेल."

त्याने एका छोट्या, चपट्या हॉर्नला वायर टेकवली. इतका तीक्ष्ण आवाज निघाला की माझ्या कानठळ्या बसल्या. समोरच्या दुकानातल्या माणसाच्या हातातला चहा सांडला आणि त्याने दुकानदाराच्या सात पिढ्यांची आठवण काढली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. हाच! दुकानदाराने तो तिथल्या तिथे बसवून दिला आणि जुना काढून डिकीत टाकला. येताना पोचभाऊंनी तो वाटेत जरा जास्तच वाजवला. माणसं दचकून बाजूला होत होती, एका आजोबांनी काठी उगारली. पोचभाऊंचा चेहरा असा खुलला होता, जणू वहिनी मागे बसल्याच आहेत.

सोमवारी कारखान्याच्या फाटकात आमचा ट्रक मागे येत होता. पोचभाऊ नेमके त्याच्या मागे. त्यांनी नवा हॉर्न वाजवला. वरच्या मजल्यावर मी खिडकी लावायला उठलो, एवढा आवाज. ट्रक येतच राहिला. पुन्हा वाजवला. शेवटी पहारेकऱ्याने धावत जाऊन ट्रकच्या पत्र्यावर दांडका आपटला तेव्हा तो थांबला. आमचा ड्रायव्हर दार उघडून खाली आला. अंगाने गोल, स्वभावाने त्याहून गोल.

"काय झालं? कोण मेलं?"

"अरे, हॉर्न वाजवतोय मघापासून!" पहारेकरी ओरडला.

"हॉर्न? कुठे?" तो प्रामाणिकपणे म्हणाला. "हां, बारीक कायतरी आलं होतं. मला वाटलं गाण्यात शिट्टी आहे."

खाली सगळे हसले. पोचभाऊ हसले नाहीत. त्यांनी गाडी बाजूला लावली आणि जिन्यावर बसले.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा. आम्हा हिशेबनिसांचा एक साधा नियम आहे. अमक्याकडून इतकं येणं आहे असं आपल्या वहीत लिहिलं म्हणून ते खरं होत नाही. त्या अमक्याला पत्र घालून त्याच्या वहीत काय आहे ते विचारायचं. जन्मभर हे काम केलेला मी, आणि हॉर्न निवडताना मात्र आपलाच कान लावून मोकळा झालो. आम्ही दोघं उघड्या रस्त्यावर, हॉर्नपासून हातभर अंतरावर उभे. ज्याने ऐकायचा तो उंचावर, काच लावून, इंजिनाच्या धडधडीत बसलेला. त्याच्या बाजूने कोणी विचारलंच नव्हतं.

मी हे पोचभाऊंना सांगितलं. आम्ही पुन्हा दुकानात गेलो आणि ट्रकची गोष्ट सांगितली.

दुकानदाराने कान खाजवला. "काच लावून बसलेला ट्रकवाला? मग आधी सांगायचं. बारीक आवाज काचेला डोकं आपटून परत येतो. जाड आवाज पत्र्यातून आत शिरतो. पण नुसता जाड घेतला तर इंजिनात मिसळतो. जोडी लागेल." त्याने शंखाच्या आकाराचे दोन हॉर्न काढले. "एक जाड, एक बारीक, दोन्ही बरोबर. ट्रकवाल्याला वाटतं मागे मोटार आहे. मोटरसायकलला कोण विचारतो? मोटारीला जपतात, पत्रा खरवडला तर मालक पगारातून कापतो."

"एवढी जोडी बसेल का गाडीवर? नाकापेक्षा मोती जड," पोचभाऊ म्हणाले.

"बसेल. वेगळी वायर आणि रिले टाकतो, सगळा करंट त्यातून जाईल, नाहीतर तुमचा स्विच जळेल. त्याहून मोठा पाहिजे तर हवेचा भोंगा आहे. पण त्याला पोलीस पकडतात, आणि पोलिसांच्या आधी शेजारी मारतात."

"आधी ऐकून बघायचं आहे," मी म्हणालो. "ट्रकमध्ये बसून."

दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चप्पल घ्यायला येऊन चप्पल उकळून बघतो म्हणालो. पण आला बिचारा. पुढच्या शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर कारखान्याच्या आवारात आम्ही जमलो. ट्रक, ड्रायव्हर, मोटरसायकल, वायरी घेतलेला दुकानदार. आणि वहिनी. त्या बसने आल्या होत्या.

"वर ड्रायव्हर ऐकेल आणि सांगेल," पोचभाऊ म्हणाले.

"ड्रायव्हर तुमचा दोस्त," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या तोंडाकडे बघून 'आला आला' म्हणेल. मी बसते वर."

"वहिनी, चढायला उंच आहे," ड्रायव्हर म्हणाला. "दुखरा हात देऊ नका, दुसरा द्या. हां! आता विमानात बसल्यासारखं बसा."

ठरलं असं, की वहिनींना आवाज ऐकू आला की त्यांनी काचेवर तळवा टेकवायचा. ड्रायव्हरने विचारलं, "काय काय चालू करू?"

"रोज काय चालू असतं?"

"इंजिन, पंखा, गाणी." तो जरा घुटमळला. "आणि फोन."

"मग फोनही."

त्याने खरोखर घरी फोन लावला. काच वर गेली. इंजिन सुरू झालं, गाणी सुरू झाली, आणि आतून तो कुणाला तरी हातवारे करून सांगू लागला.

पोचभाऊ ट्रकच्या मागे, जरा एका बाजूला, टँकरच्या वेळी होते तसे उभे राहिले. दुकानदाराने आधी जुना हॉर्न जोडला, डिकीतला. वाजला. काचेवर काही नाही. मला वहिनींची फक्त बाजू दिसत होती, सरळ बसलेली. मग चपटा, मुडदा उठवणारा. मी कानात बोटं घातली. आवारातली कबुतरं उडाली. काचेवर काही नाही. ड्रायव्हर फोनवर हसत होता.

मग जोडी. तिचा आवाज खरं तर त्या चपट्याइतका कानाला झोंबत नव्हता. भरदार होता, एवढंच. मला वाटलं, गेलं, हेही फुकट. आणि काचेवर तळवा टेकला. पूर्ण, पाचही बोटं पसरून. पाठोपाठ ड्रायव्हरने फोन कानापासून दूर केला आणि आरशात पाहिलं.

दुकानदार म्हणाला, "बघा!" मी टाळी वाजवली. पोचभाऊंनी पुन्हा वाजवला, पुन्हा वाजवला. तळवा काचेवरून हललाच नाही.

वहिनी खाली उतरल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू असेल असं मला वाटलं होतं. त्या ट्रकच्या मागे चालत आल्या आणि पोचभाऊंना म्हणाल्या, "तुम्ही इथेच होतात? सगळा वेळ?"

"इथेच. हात हलवत होतो की तुला."

"मी आरशात बघत होते. दिसलाच नाहीत."

"त्या कोपऱ्यात दिसत नाही वहिनी," ड्रायव्हर म्हणाला. "आम्हाला तिथलं कोणीच दिसत नाही."

वहिनी नवऱ्याकडे बघत राहिल्या. हेल्मेट काखेत, केस घामाने चिकटलेले, डोळ्यांत शाबासकी मागणारा भाव. मग दुकानदाराकडे वळून म्हणाल्या, "हाच लावा. चांगला घट्ट लावा." आणि पदर खोचून फाटकाकडे निघाल्या.

पोचभाऊ मागे धावले. "अगं, लावून होतोय आत्ता! जाऊ ना गाडीवरून."

"आज नको."

"तूच म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते. आज नको."

जोडी बसली. वायरिंग सुबक झालं. पण त्यानंतरही कित्येक रविवार पोचभाऊ बसच्या मागेच होते. फरक एवढाच, की सोमवारी येऊन ते सांगायचे, "काल पुलावर एकदाच वाजवला, हळू. तिने मान वळवली." वर्षभरात एकदाही वळवली नव्हती म्हणे. बसच्या मागच्या काचेतून नुसती मान वळते, ती दोघं एकमेकांकडे बघतात, आणि बस पुढे जाते. मला वाटायचं, माणसाने एवढ्यावर समाधान मानावं. पण ते समाधानी नव्हते. "काल काहीतरी म्हणाली, साहेब. ओठ हलले तिचे. काचेतून काय कळणार?"

लग्नाच्या बायकोशी बोलायला माणूस एवढा आसुसलेला मी पाहिला नव्हता. घरी गेल्यावर मी आमच्या हिला सहज म्हणालो, चल, जरा फिरून येऊ. ती म्हणाली, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?

गेल्या सोमवारी पोचभाऊ आले. पोचा टेबलावर ठेवल्या. खुर्चीवर बसले.

"बसली."

मी पेन खाली ठेवलं. "काय सांगता! कशी काय?"

"काही नाही. बस आली, तिने जाऊ दिली. म्हणाली, चला. मी हेल्मेट दिलं, घातलं, बसली. मागची दांडी धरून बसली, पण बसली."

"मग? बोलल्या?"

"बोलली ना." ते हसू लागले. "'वाजवा.'"

"म्हणजे?"

"एवढंच. नाक्यावर रिक्षा दिसली, वाजवा. पूल आला, वाजवा. लांब ट्रक दिसला, वाजवा. एक ट्रक तर उभा होता साहेब, ड्रायव्हर खाली उतरून टायर बदलत होता, तरी वाजवा! तो बिचारा जॅक टाकून पळाला." ते हसत होते, मग हसू हळूहळू ओसरलं. "मीच दोनदा विषय काढला. म्हटलं, सुनेचं काय म्हणत होतीस त्या दिवशी? तर म्हणाली, पुढे बघा."

"पहिलाच दिवस. बोलतील हळूहळू."

"हो, बोलेल." त्यांनी टेबलावरच्या पोचा उगाचच पुन्हा सारख्या केल्या. "येताना मी जुन्या कालव्याच्या रस्त्याने आणलं तिला. दुपटीने लांब पडतो. पण तिकडे ट्रक नसतात. काही नसतं. हॉर्न लागतच नाही. म्हटलं, 'वाजवा' म्हणायला काही उरलं नाही तर काय बोलते बघू."

"मग?"

"काही नाही बोलली. घर येईपर्यंत एक शब्द नाही." खाली कोणीतरी त्यांच्या नावाने हाक मारली, टपाल तयार होतं. ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. "पण तो रस्ता लांबचा आहे हे तिला ठाऊक आहे, साहेब. आणि इकडून का आणलंत, असं तिने विचारलं नाही. पुढच्या रविवारीही तिकडूनच नेणार आहे."